नळ स्टॉपजवळचं सीए ऑफिस: नवरा डलासला, मी पुण्यात, आणि अमेरिकेचं रिटर्न

चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते शेवटी सांगते, आधी कामाचं.

ऑफिसचं नाव लिहीत नाहीये कारण तिथल्या सीए मॅडमनीच बजावलंय की मार्चमध्ये आधीच फोन उचलून हात दुखतात, आणखी गर्दी नको. नळ स्टॉप मेट्रोतून उतरून चालत पाच मिनिटं, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

आमची परिस्थिती अशी की नवरा डलासला एच-वन-बीवर (तिकडचा नोकरीचा व्हिसा) आणि मी इथे पुण्यात नोकरीला. तिकडे गेले की एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर, घरी बसावं लागणार म्हणून सध्या नाहीच गेले. लग्न १४ डिसेंबर २०२३ ला झालं. त्या वर्षीचं अमेरिकेचं रिटर्न त्याने एका ऑनलाइन टॅक्सवाल्याकडून भरलं, त्यात बायकोचा एसएसएन (तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर) मागितला, माझ्याकडे कुठून असणार, तर चॅटवरच्या माणसाने सांगितलं एसएसएन नसेल तर सिंगल टाका. याने टाकलं. रिफंड आला, सगळे खुश, विषय संपला असं वाटलं.

मार्च २०२५ मध्ये मी माझ्या कामासाठी या ऑफिसात गेले होते, सहज विचारलं तर मॅडमनी पगार वगैरे काही न विचारता पहिला प्रश्न केला, "लग्नाची तारीख काय?" मी सांगितली. "मग तो सिंगल कसा? ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल तर अमेरिकेच्या लेखी अख्खं वर्ष लग्न झालेलं. बायको पुण्यात असो नाहीतर पॅरिसला." म्हणजे आम्ही सतरा दिवसांचे नवरा-बायको आणि रिटर्नमध्ये बारा महिन्यांचे. गंमत म्हणजे त्याच्या पगाराला सिंगल आणि मॅरीड फायलिंग सेपरेटली (लग्न झालेलं, पण रिटर्न वेगवेगळं) या दोन्हींचा टॅक्स सारखाच येतो, म्हणून चूक कुणाच्या लक्षातच आली नाही.

डलासमधला त्याचा एक मित्र म्हणत होता हेड ऑफ हाऊसहोल्ड (कुटुंब सांभाळणाऱ्या एकट्या माणसाचा प्रकार) लाव, बायको इंडियात आहे ना, चालतं. तेही मॅडमनी एका वाक्यात उडवलं, त्याला त्याच्याजवळ राहणारं मूल किंवा तसं कुणीतरी अवलंबून असलेलं लागतं, बायको त्यात धरत नाहीत.

मग राहिले दोन रस्ते. एक, सेपरेट. दुसरा, तिकडच्या टॅक्स कायद्याच्या सेक्शन ६०१३(जी) खाली दोघांनी सहीचं पत्र जोडून सांगायचं की हिला टॅक्सपुरतं अमेरिकेची रेसिडेंट धरा, आणि मग जॉइंट रिटर्न. ऐकायला छान वाटतं पण मॅडमनी लगेच पाणी ओतलं, की मग तुझा इथला पगार, एफडीचं व्याज, पीपीएफचं व्याजसुद्धा तिकडच्या रिटर्नमध्ये दाखवायचं, इथे करमुक्त आहे वगैरे तिकडे कुणी ऐकत नाही. आणि एकदा ही निवड रद्द केली की पुन्हा कधीच मिळत नाही, दोघांपैकी कुणालाच.

हे सांगून त्या थांबल्या नाहीत, समोर बसवून दोन्ही आकडे काढले, हे मला सगळ्यात आवडलं. २०२४ चा त्याचा पगार ९५ हजार डॉलर. सेपरेटला स्टँडर्ड डिडक्शन १४,६००, जॉइंटला २९,२००. माझे वर्षाचे साडेसात लाखांच्या आसपास म्हणजे जेमतेम नऊ हजार डॉलर त्यात धरूनसुद्धा जॉइंटमध्ये चार हजार डॉलरच्या थोडं वर वाचत होते. "तुझा पगार तीस लाख असता तर मी जॉइंटचं नाव काढायच्या आधी दहा वेळा गणित केलं असतं," असंही म्हणाल्या.

माझ्या पगाराचा हिशोब हे एक वेगळंच प्रकरण. तिकडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपला 'फॉर्म १६' (कंपनीकडून मिळणारा पगार-टीडीएसचा दाखला) मात्र एप्रिल ते मार्चचा. म्हणजे पहिले तीन महिने एका फॉर्ममधून, उरलेले नऊ दुसऱ्यातून, आणि दुसरा तर मार्चमध्ये आलेलाच नसतो. शेवटी चोवीस सॅलरी स्लिपा काढल्या, हो चोवीस, कारण २०२३ चं रिटर्नही १०४०-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मने बदलून जॉइंट करायचं होतं आणि त्यात लग्नाआधीचा साडेअकरा महिन्यांचा माझा पगारसुद्धा धरावा लागला! दुरुस्तीला मुदत तीन वर्षं असते म्हणून वाचलो.

मग आयटीआयएन, म्हणजे माझा तिकडचा टॅक्स नंबर. त्याचा अर्ज म्हणजे डब्ल्यू-सेव्हन फॉर्म, तो रिटर्नलाच जोडून कागदावर पाठवावा लागतो, ऑनलाइन नाही. आपल्या नोटरीचा शिक्का तिकडे चालत नाही, एकतर ओरिजिनल पासपोर्ट पाठवा नाहीतर त्यांनी मान्यता दिलेल्या एजंटकडे दाखवा. ऑनलाइनवाला म्हणत होता पासपोर्ट कुरिअर करा, मी तर नावच काढलं नसतं. या ऑफिसला ती मान्यता आहे, पासपोर्ट समोर बघितला, कॉपी काढली, दहा मिनिटांत परत हातात. पासपोर्टवर अजून माहेरचं नाव आहे. सासूबाई म्हणत होत्या निदान सरकारी कागदावर तरी आमचं आडनाव लाव गं, मॅडम म्हणाल्या पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे, नाहीतर फॉर्म परत येईल. प्रश्न मिटला.

रिटर्नवर सह्या दोघांच्या लागतात. त्याने डलासमध्ये सही करून कागद पुण्याला पाठवले, मी इथे सही केली, आणि ते पाकीट पुन्हा टेक्सासलाच, टॅक्स खात्याच्या ऑस्टिनच्या ऑफिसला. डलासहून ऑस्टिन गाडीने तीन तास. आमचे कागद पुणे दर्शन करून गेले. १५ एप्रिलच्या आत पोचले हे नशीब. नंबरचं पत्र जूनच्या शेवटी आलं, ९ ने सुरू होणारा नंबर असतो.

माझ्या एसआयपींचं मात्र टेन्शन आलंय. आपले म्युच्युअल फंड तिकडे पीएफआयसी (एक प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी) म्हणून धरतात आणि विकताना टॅक्सचे नियम फार जाचक. माझी रक्कम लहान आहे म्हणून त्याचा वेगळा फॉर्म यावर्षी लागला नाही, पण विचारल्याशिवाय एक युनिटसुद्धा विकू नकोस असा दम मिळालाय.

इकडच्या रिटर्नचंही त्यांनीच बघितलं. आपल्याकडे जोडीने भरायची भानगडच नाही, ज्याचं त्याने भरायचं. पण नवऱ्याने पाठवलेल्या आठ लाखांची एफडी मी माझ्या नावावर केली होती, पैसे गिफ्ट म्हणून करमुक्त, व्याज मात्र त्याच्या उत्पन्नात धरतात. म्हणजे ते त्याच्या आयटीआर-टूमध्ये. एनआरआयला आयटीआर-वन हा साधा फॉर्म चालत नाही आणि कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी ८७ए ची करसूटही नाही.

आता तो पाचवा स्टार. फी आधी सांगत नाहीत, "बघू किती काम निघतं" म्हणतात. शेवटी दोन्ही वर्षांचे मिळून २२ हजार अधिक जीएसटी, म्हणजे २५,९६० झाले. कामाच्या मानाने ठीक आहेत, पण आकडा बिलावर कळणं मला पटलं नाही. शिवाय एसआयपीचं हे सगळं मला सह्या झाल्यावर कळलं, आधी सांगायला हवं होतं, मी तरीही जॉइंटच केलं असतं पण विचार करून केलं असतं. व्हॉट्सॲपला उत्तर दोन दिवसांनी येतं, फोन केला तर लगेच उचलतात. आणि स्कूटर नेऊ नका, खाली लावायला जागा नाही, माझी एकदा उचलून नेली, मेट्रोनेच जा.