पुढच्या दारातले स्पीकर बदलताना: कोएक्सियल, कंपोनंट की आधी दाराचं काम?

छोट्या गाडीतल्या कंपनीच्या स्पीकरबद्दल तीन तक्रारी कायम ऐकू येतात. आवाज वाढवला की फाटतो, ढोलकीची थाप अंगाला लागत नाही आणि बीड-गेवराईच्या हायवेला लागलं की काचा बंद असूनही गाण्याचे शब्द कळत नाहीत. तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात मात्र समोर दोनच खोकी येतात, कोएक्सियल आणि कंपोनंट. आहे तोच स्पीकर ठेवून दाराच्या पत्र्याला आतून शीट लावणं आणि भोकं बुजवणं, म्हणजेच डॅम्पिंग, हा तिसरा रस्ता सहसा कुणी सुचवत नाही. या लेखात तिन्ही पर्याय शेजारी ठेवले आहेत.

कोएक्सियल म्हणजे वूफरच्या (खालचा आवाज देणारा मोठा स्पीकर) मधोमध छोटा ट्विटर (तीव्र स्वर देणारा) बसवलेला एकच नग. जुना काढला, त्याच जागी, त्याच वायरवर नवा बसवला. कंपोनंटमध्ये वूफर दारात खाली राहतो, ट्विटर वर आरशामागच्या तिकोनी कव्हरात किंवा डॅशबोर्डवर जातो आणि दोघांना आपापला आवाज वाटून द्यायला मध्ये क्रॉसओव्हर लागतो. चांगल्या कोएक्सियलची जोडी साधारण २,००० ते ४,५०० रुपयांत येते, कंपोनंटची ५,००० ते १२,००० मध्ये. दोन्ही पुढच्या दारांच्या डॅम्पिंगला मजुरीसकट २,००० ते ३,५०० धरा.

आधी स्टिरिओची ताकद बघा

स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ लिहिलेलं असलं तरी सलग मिळणारी ताकद प्रत्येक स्पीकरला १५ ते २० वॅटच असते. छापलेला आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. स्पीकरच्या खोक्यावरच्या ३०० वॅटचंही तेच. तिथे दोनच गोष्टी वाचायच्या: आरएमएस वॅट, म्हणजे सलग झेपणारी ताकद, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. ही सेन्सिटिव्हिटी डेसिबलमध्ये असते आणि तिच्यात ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट ताकद. ९२ डेसिबलचा कोएक्सियल २० वॅटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला ८८ डेसिबलच्या कंपोनंटला ५० वॅट लागतात. म्हणून आठ-दहा हजारांचं कंपोनंट नुसत्या स्टिरिओवर लावलं की ‘कंपनीचाच मोठा वाजत होता’ असं वाटतं. ते वाटणं खरं असतं.

अ‍ॅम्प्लिफायर लावायचाच नसेल तर ९० डेसिबलच्या खालचा स्पीकर घेऊ नका, मग तो कितीही नावाजलेला असो. ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध, तोही बघा. गाडीचा स्टिरिओ सहसा ४ ओहमसाठी बनवलेला असतो. २ ओहमचा स्पीकर त्याला जोडला की तो तापतो, आवाज मध्येच बंद पडतो, पुढे त्याची आयसी (आवाज वाढवणारी चिप) जाते.

आवाज फाटण्याचं मूळही बहुतेक वेळा इथेच असतं. स्टिरिओची ताकद संपली की तो ध्वनिलहरीचं डोकं कापून टाकतो, आणि त्या कापलेल्या लहरीतली जादा तीव्र स्वरांची ताकद सगळ्यात आधी ट्विटर जाळते. नवे स्पीकर महिन्याभरात गेले, तर ते डुप्लिकेट होते असं ठरवण्याआधी आवाजाचा आकडा कुठे ठेवला जात होता ते बघावं.

ट्विटरची जागा

तीव्र स्वर सरळ रेषेत जातात. कोएक्सियलचा ट्विटर पिंढरीच्या उंचीवर असतो, त्यामुळे टाळ-चिपळ्यांचा आवाज पाय आणि सीट खाऊन टाकतात आणि कीर्तनकार पायाशी बसून बोलतोय असं वाटतं. कंपोनंटचा ट्विटर तिकोनी कव्हरात आला की तोच आवाज डॅशबोर्डच्या उंचीवर येतो. हायवेला शब्द कळत नाहीत ही तक्रार खरी मिटते ती इथे. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजवा ट्विटर थेट कानावर रोखू नका, डाव्या सीटच्या डोक्याकडे वळवा. नाहीतर सगळं गाणं उजव्या खिडकीतून आल्यासारखं ऐकू येतं.

गाडीला आधीच वेगळा ट्विटर असेल तर कोएक्सियल घेताना विचार करा. आता एका बाजूला दोन ट्विटर वाजतात आणि टाळ कानाला टोचतो. अशा वेळी कंपनीच्या ट्विटरचा कपलर (वायरीचा जोड) काढून ठेवा, नाहीतर ट्रेबल दोन पायऱ्या खाली घ्या. कंपोनंट घेणार असाल तर ट्विटर आणि वूफरच्या वायरी वेगळ्या येतात का ते बघा. तशा येत असतील तर वायरीतच बसणारा छोटा क्रॉसओव्हर असलेला सेट घ्या. मोठ्या डबीचा क्रॉसओव्हर असेल तर दारापासून डॅशबोर्डपर्यंत नवी वायर ओढावी लागते आणि बिजागरीजवळच्या रबरी नळीतून ती नेणं वेळखाऊ काम आहे. सेटसोबतचा कपॅसिटर कुणी काढायला सांगितला तर ऐकू नका. ४ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण ८,५०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरवत नेतो. तो नसेल तर ढोलकीचा पहिला जोरकस ठोका ट्विटर संपवतो.

दार: सगळ्यात दुर्लक्षित भाग

दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर मधोमध बोटाच्या पेराने ठोका. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला तर स्पीकर कुठलाही लावा, तो पत्रा त्याच्यासोबत वाजणार. शिवाय स्पीकरचा कागद (कोन) पुढे सरकताना मागे उलट लहर तयार करतो. आतल्या पत्र्याच्या मोठ्या भोकांतून ती पुढे आली की दोघी एकमेकींना मारतात, आणि ढोलकीचा खालचा ठोका तिथेच विरतो. स्पीकरसाठी दार हीच पेटी. भोकं पडलेल्या पेटीत कुठलाही स्पीकर लावला तरी तो घुमत नाही.

म्हणून बाहेरच्या पत्र्याला आतून २ मिलिमीटरची ब्युटाइल (चिकट रबरी) शीट लावा. निम्मा पत्रा झाकला तरी पुरे. उरलेल्या शीटने आतल्या पत्र्याची भोकं बुजवा. छोट्या गाडीच्या एका दाराला ६ ते ८ चौरस फूट लागते आणि दाराचं वजन दोनेक किलोनं वाढतं. पत्रा आधी थिनरने पुसून कोरडा करा आणि शीट रोलरने दाबून बसवा. हाताने दाबलेली शीट कडेने उचलते. स्वस्त डांबरी शीट मराठवाड्यात चालत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला आणि गाडी उन्हात उभी राहिली की डांबर मऊ होऊन घसरतं आणि काचेच्या यंत्रणेत अडकतं. ब्युटाइल टिकते.

दाराच्या तळाशी पाणी निघायला छोटी भोकं असतात, ती बुजवू नका. दारात पाणी शिरणं हे बिघाडाचं लक्षण नाही. काचेच्या फटीतून ते येणारच, आणि त्यासाठीच आत प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट पट्टीने लावलेला असतो. तो फाडून फेकला तर पहिल्याच मोठ्या पावसात पायाखालचा गालिचा भिजतो. स्पेसर रिंगही (स्पीकर आणि पत्रा यांच्यामधली कडी) एमडीएफची (लाकडी भुशाच्या फळीची) नको, ती पाणी पिऊन फुगते आणि स्क्रू सोडते. जाड प्लॅस्टिकची घ्या. स्पीकर निवडताना कागदी कोनपेक्षा पॉलिप्रॉपिलीन कोन आणि फोमच्या कडेपेक्षा रबराची कड बरी. फोम उन्हात भुगा होतो.

बसवताना

बॅटरीची मायनस काढा. काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर दारातच असतो, त्यामुळे हे टाळू नका. हँडलच्या वाटीतला आणि कडेचा लपलेला स्क्रू काढा, मग डोअर पॅड खालून प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला. जुन्या गाडीच्या दोन-चार क्लिपा तुटणारच, दहा जास्तीच्या आधीच आणून ठेवा. तुटलेल्या क्लिपेच्या जागी पॅड खडखडतो आणि दोष नव्या स्पीकरवर येतो.

स्पीकर रिव्हेटने बसवलेला असेल तर ड्रिल करण्याआधी नवा स्पीकर दूर ठेवा. लोखंडाचा कीस त्याच्या चुंबकाला चिकटतो, कॉइलच्या फटीत जातो आणि मग आयुष्यभर खरखर. मापात व्यासाइतकीच खोली महत्त्वाची आहे. काच पूर्ण खाली घेऊन चुंबक आणि काच यांच्यात मोकळी जागा राहते का ते स्क्रू आवळण्याआधी बघा. कंपनीची वायर कापू नका. तुमच्या गाडीचा कपलर-अ‍ॅडॉप्टर किरकोळ पैशांत मिळतो. वायर कापली की इलेक्ट्रिकल वॉरंटीवर वाद सुरू होतो. स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावा, म्हणजे आवाज पॅडच्या आत न घुसता जाळीतून बाहेर येईल.

कुणी काय घ्यावं

गाडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल किंवा बातम्या, भजनं आणि फोनवर बोलणं एवढंच असेल तर कंपनीचेच स्पीकर ठेवा आणि फक्त दार करून घ्या. गाणं मनापासून ऐकता, पण अ‍ॅम्प्लिफायरला पैसे घालायचे नाहीत, तर ९० डेसिबलच्या वरचा कोएक्सियल आणि सोबत डॅम्पिंग. बहुतेक घरगुती गाड्यांना आम्ही हेच सांगू. साडेतीन हजारांचा कोएक्सियल डॅम्पिंग केलेल्या दारात उघड्या दारातल्या दहा हजारांच्या कंपोनंटपेक्षा भरीव वाजतो.

कंपोनंट तेव्हाच घ्या, जेव्हा वर्षभरात प्रत्येक स्पीकरला ५० वॅट आरएमएस देणारा अ‍ॅम्प्लिफायर येणार आहे आणि ट्विटरला पक्की जागा आहे. डॅशबोर्डवर दुहेरी टेपने चिकटवलेला ट्विटर एप्रिलमध्येच गळून पडतो. अ‍ॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून घ्या, शुद्ध तांब्याची घ्या, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज लावायला सांगा. हा फ्यूज नसेल आणि वायर कुठे घासली तर गाडीला आग लागू शकते.

गाडी ताब्यात घेताना दोन गोष्टी तिथेच तपासा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस प्लसला लागला की दोन्ही बाजूंचे कोन बाहेर यायला हवेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर वायर उलटी आहे आणि खालचा आवाज दोघे मिळून खाऊन टाकत आहेत. मग स्टिरिओच्या सेटिंगमध्ये हाय-पास (ठरावीक पातळीखालचा आवाज अडवणारी सोय) असेल तर ८० हर्ट्झवर ठेवा. पहिल्या दमदार पावसानंतर दाराच्या तळाच्या भोकांत काडी घालून पाणी बाहेर येतंय ना ते बघा. काळ्या मातीची धूळ तिथे बसून घट्ट होते.