टॉन्सिल स्टोनसाठी वॉटर फ्लॉसर, काही महिने वापरून झाल्यावर

दात घासा, जीभ घासा, माउथवॉश वापरा तरी तोंडाला वास येतोच, गिळताना एका बाजूला काहीतरी टोचतं आणि मधेच खोकताना पांढरट-पिवळा दाणा बाहेर पडतो जो बोटात चुरडला तर नाक धरावं लागतं, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. वॉटर फ्लॉसर म्हणजे पाण्याची बारीक धार मारून दातांच्या फटी साफ करणारं मशीन, पण दातांसाठी ते कसं आहे हे मला विचारू नका, मी घेतलंच टॉन्सिलसाठी.

टॉन्सिलला खाचा असतात, त्यात अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, कफ अडकतो, त्यावर बॅक्टेरिया वाढतात आणि कॅल्शियम साचून खडा होतो, तोच टॉन्सिल स्टोन. वास येतो तो या बॅक्टेरियाने सोडलेल्या सल्फरच्या गॅसचा, म्हणून माउथवॉशने तो थोडा वेळ दबतो, खडा आपला जागच्या जागी.

आता मशीन. प्रेशर सगळ्यात कमी ठेवायचं, हे फार महत्त्वाचं. माझ्या मशीनचं सगळ्यात कमी प्रेशरसुद्धा टॉन्सिलला झोंबतं, त्यामुळे नोझल लांब धरतो आणि धार तिरकी मारतो. कोमट पाणी, बेसिनवर वाकायचं, समोर आरसा, मोबाइलचा टॉर्च, आणि जिभेच्या मागच्या भागाला नोझल लागू द्यायची नाही, लागली की ओकारी आलीच (जेवल्या जेवल्या तर करूच नका). वर दिसणारा खडा पटकन निघतो. आत दडलेला निघत नाही, उगाच जोर लावू नका, आणि टूथपिक-पिन वगैरे तर अजिबातच नको, टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो.

पण मशीनने खडे काढता येतात, व्हायचे थांबत नाहीत. माझे कमी झाले ते जेवणानंतर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पाणी जास्त पिणं आणि नाकाची ट्रीटमेंट यामुळे, कारण नाक चोंदलेलं असलं की रात्रभर तोंडाने श्वास, तोंड कोरडं, वर घशात उतरणारा कफ. हे सगळं जवळजवळ फुकटात होतं म्हणून आधी तेच करून बघा, मशीन नंतर घ्या.

टॉन्सिल काढून टाकायच्या ऑपरेशनचं डॉक्टरांना विचारलं होतं. मोठ्या माणसाला बरं व्हायला दहा-पंधरा दिवस जातात, दुखतंही बरंच, तेव्हा एवढ्यासाठी घाई नको म्हणाले. मात्र एकच टॉन्सिल मोठा दिसत असेल, रक्त येत असेल किंवा गिळायला त्रास होत असेल तर मशीनच्या नादी न लागता सरळ ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर) गाठा.

बॅटरी छान टिकते. टाकी छोटी आहे आणि वापरून झाल्यावर उलटी करून वाळवली नाही तर आत बुळबुळीत थर धरतो, तेवढ्यासाठी एक स्टार कमी.