2002 ची पावली, ‘शेवटचा लॉट’ आणि रिकामा झालेला खिसा

गेंड्याचे चित्र असलेले पंचवीस पैशांचे नाणे, म्हणजे पावली, स्टीलमध्ये 1988 पासून 2002 पर्यंत निघाले. 30 जून 2011 रोजी पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. 29 जूनपर्यंत बँकांत ती दर्शनी किमतीला बदलून मिळत होती, पण चार आण्यांसाठी रांगेत उभे राहणार कोण? नाणी डब्यांत, गल्ल्यांत, देवघरातल्या वाट्यांत पडून राहिली. म्हणून 2002 चे नाणे शेवटच्या सालाचे असले तरी दुर्मीळ नाही. हाताळलेले नाणे आजही चिल्लर भावात मिळते. पैसे मोजावेत ते न वापरलेल्या, झळाळी शाबूत असलेल्या नाण्याला. नाणी जमवणाऱ्यांना फसवणारा ठग नेमका हा फरक पुसून टाकतो आणि सगळा भाव ‘शेवटचे साल’ या दोन शब्दांवर लावतो.

सगळ्यात जास्त लोक थैलीत अडकतात. ‘टाकसाळीची सीलबंद थैली, सगळी 2002, यूएनसी (न वापरलेली)’ अशी जाहिरात असते. फोटोत वरच्या थरातली पंधरा-वीस नाणी चकचकीत दिसतात. थैली घरी येऊन उघडली की खाली नव्वदच्या दशकातला झिजलेला माल निघतो, कधी मध्ये दहा पैसेही मिसळलेले असतात. शिवण आणि शिसे बघून कोणी भुलू नये, सील नव्याने मारता येते. त्यापेक्षा वजन मागा. या नाण्याचे वजन 2.83 ग्रॅम आणि व्यास सुमारे 19 मिलिमीटर आहे. म्हणजे हजार नाणी 2 किलो 830 ग्रॅम भरायला हवीत. स्टीलचे दहा पैसे 2 ग्रॅमचे असते, त्यामुळे भेसळ काट्यावर लगेच कळते. जुन्या सालांची भेसळ मात्र वजनात कळत नाही. त्यासाठी थैलीच्या तळातून मूठभर नाणी काढून, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून व्हिडिओ मागायचा. ‘सील तोडले तर किंमत जाते’ हे उत्तर आले तर सौदा तिथेच सोडावा.

सुटे नाणे घेताना साल खोदलेले असू शकते. 2000 किंवा 2001 चा शेवटचा आकडा घासून तिथे 2 कोरतात किंवा चिकटवतात. हे पकडायला महागडे यंत्र लागत नाही, दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. सुदैवाने 2002 मध्ये 2 हा आकडा दोनदा येतो. पहिला आणि शेवटचा 2 शेजारी ठेवून बघा: वळण, जाडी, उंची जुळलीच पाहिजे. मग नाणे दिव्याखाली हळूहळू तिरके फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा न तुटता फिरतो. खोदलेल्या आकड्याभोवती तो तुटतो, तिथे निस्तेज खळगा किंवा बारीक समांतर ओरखडे दिसतात. चिकटवलेल्या आकड्याच्या पायाशी काळी रेघ असते.

मिंट मार्कचेही, म्हणजे टाकसाळीच्या खुणेचेही, तेच. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. ‘काहीच नाही’ ही खूण बनवायला सगळ्यांत सोपी, खूण घासून टाकली की झाले. तेव्हा सालाखालची मोकळी जागा आधी बघा. आणि विकणारा सांगतो ते साल त्या टाकसाळीत निघाले होते का, हे पैसे देण्यापूर्वी कॅटलॉगात तपासा.

मग येतात ‘एरर’, म्हणजे टाकसाळीत चुकून सदोष निघालेली नाणी. तांब्याचा गेंडा म्हणून विकला जाणारा नमुना बहुतेक वेळा स्टीलवर चढवलेला मुलामा असतो. लोहचुंबक लावा, तांबे चिकटत नाही, हे स्टील चिकटते. एका बाजूला उलटा, खोलगट छाप असलेले नाणे दाखवतील. टाकसाळीत खरोखर तसे झाले असेल तर दुसरी बाजू पूर्ण उठावदार असते. दोन नाणी शिकंजात दाबून केलेल्यात ती चपटी पडते, कडाही फुगते. दोन्हीकडे गेंडा असेल तर कडेच्या आतल्या अंगाला सांध्याची रेघ शोधा.

याची उलटी बाजूही आहे. ‘गेंड्याचे नाणे द्या, दीड लाख घ्या’ हा व्हिडिओ बघून लोक स्वतःच फोन करतात. पलीकडचा माणूस घासाघीस करत नाही, लगेच हो म्हणतो. इथेच शंका यायला हवी. त्यानंतर नोंदणी शुल्क, मग जीएसटी, मग विमा, मग रिझर्व्ह बँकेची ‘एनओसी’, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठी रक्कम. रिझर्व्ह बँक असल्या व्यवहारात नसते आणि त्यासाठी शुल्क किंवा कमिशन घेत नाही, हे तिने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले आहे. कोणी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचे पैसे मागितले तर एवढेच विचारा: 1972 चा पुरावस्तू कायदा नाण्यांच्या बाबतीत शंभर वर्षांच्या पुढच्या वस्तूंना लागतो, 1988 ची पावली त्यात कशी बसली? ‘पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हटले की फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. वेळ महत्त्वाचा आहे: 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार आणि बँकेला लेखी कळवणे, तिन्ही त्याच दिवशी. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, संभाषणाचे स्क्रीनशॉट, जाहिरातीचा फोटो आणि पार्सलचे वेष्टन जपून ठेवा. नंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा’ असा फोन आला तर तो बहुधा त्याच टोळीचा असतो. स्पीड पोस्टच्या पावतीवर पाकिटाचे वजनही छापलेले असते. हजार नाण्यांच्या पार्सलवर सव्वा किलो दिसले, तर पोस्टमनसमोरच ते नाकारा.