शहरातला सिफिलिस मोजायला आरपीआर किट: कितपत भरवशाचं?

शहरात सिफिलिस किती पसरलाय याचा अंदाज बांधायचा असेल, तर आजही पहिल्या चाळणीला आरपीआर किटच (सिफिलिसमध्ये रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडी शोधणारी साधी चाचणी) घ्यावं. फक्त त्याच्या एकट्याच्या आकड्यावर अहवाल लिहू नये.

किटमधल्या अँटिजेनमध्ये (अँटिबॉडींशी जुळून गुठळ्या करणारं द्रावण) कोळशाचे बारीक कण असल्याने गुठळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. व्हीडीआरएल या सिफिलिसच्याच जुन्या चाचणीसारखा मायक्रोस्कोप लागत नाही, सीरम (रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढून उरलेला द्रव) ५६ अंशांवर अर्धा तास तापवावं लागत नाही. कार्डावरच्या १८ मिलिमीटरच्या वर्तुळात ५० मायक्रोलिटर सीरम पसरायचं, वर अँटिजेनचा एक थेंब सोडायचा, रोटेटर मिनिटाला १०० फेऱ्यांवर ८ मिनिटं चालवायचा आणि लगेच चांगल्या उजेडात वाचायचं.

घोळ होतो तो थेंबात आणि तापमानात. सुईतून अर्ध्या मिलिलिटरला ३० थेंब पडायला हवेत, एखादा इकडेतिकडे चालेल. सुई तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. अँटिजेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचं, पण वापरताना ते आणि खोली दोन्ही २३ ते २९ अंशांत हवीत. त्याहून गार असेल तर कमजोर पॉझिटिव्ह निसटतात, गरम असेल तर प्रतिक्रिया वाढते. विदर्भातल्या मे महिन्यात एसीशिवाय हे काम करूच नये. अँटिबॉडी फार जास्त असल्या तरी निकाल निगेटिव्ह किंवा खरबरीत दिसू शकतो; असे नमुने १:१६ पर्यंत पातळ करून पुन्हा लावावेत.

आता आकड्याकडे. समजा २००० जणांत २० जणांना खरंच सिफिलिस आहे आणि किटची संवेदनशीलता (आजारी लोकांपैकी किती पकडले जातात) ८५, विशिष्टता (निरोगी लोकांपैकी किती बरोबर निगेटिव्ह येतात) ९८ टक्के आहे. किट त्या २० पैकी १७ पकडेल, पण निरोगी १९८० पैकी सुमारे ४० जणांनाही पॉझिटिव्ह दाखवेल. १ टक्क्याचे झाले २.८५! गर्भारपण, मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपस यांत अशी खोटी प्रतिक्रिया येते. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्हची टीपीएचए (सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्याच अँटिबॉडी शोधणारी खात्रीची चाचणी) करावी. मग जवळपास १७ उरतात, त्यांना ०.८५ ने भागलं की २० मिळतात. टीपीएचए फक्त मोजक्या नमुन्यांना लागते, तो खर्च टाळणं चुकीचं आहे.

एचआयव्ही-सिफिलिसचं दुहेरी रॅपिड कार्ड गरोदर बाईला त्याच भेटीत उपचार देण्यासाठी उत्तम. सर्वेक्षणाला मात्र ते एकटं नको: त्यातली सिफिलिसची रेघ उपचारानंतरही बहुधा जन्मभर उमटते, त्यामुळे जुना बरा झालेला आजारही मोजला जातो. आरपीआरचं टायटर (नमुना किती पट पातळ केला तरी पॉझिटिव्ह येतो तो आकडा) इथेच कामी येतं; टीपीएचए पॉझिटिव्ह आणि टायटर १:८ किंवा वर असेल तर चालू संसर्गाची शक्यता जास्त.

प्रसूतिपूर्व केंद्रातल्या ४०० महिलांत ४ जणी पॉझिटिव्ह निघाल्या, तर नुसतं १ टक्का लिहू नका, खरं प्रमाण बहुधा ज्यात असेल ती ०.४ ते २.५ टक्के ही मर्यादाही छापा. आणि हा आकडा त्या केंद्रांत येणाऱ्या गर्भवतींचा आहे, पुरुष त्यात नाहीत, हेही त्याच ओळीत लिहा.