भाषा बदलायची सोय: वेगळ्या यूआरएल की एकाच पानावर अदलाबदल?

मदतपानं मराठी, हिंदी आणि इंग्रजीत तयार आहेत, पण भाषा बदलायची सोय कशी द्यावी यावर एक सहकारी अडलाय: प्रत्येक भाषेला स्वतंत्र यूआरएल (पानाचा वेब पत्ता), की यूआरएल एकच ठेवून जावास्क्रिप्टने मजकूर बदलायचा?

मेहनत दुसऱ्या पर्यायात कमी. भाषांतरं जेसन फाइलीत (माहिती साठवायच्या साध्या मजकूर फाइलीत), निवड कुकीत (ब्राउझरने जपलेल्या छोट्या नोंदीत), झालं काम. स्वतंत्र यूआरएलमध्ये प्रत्येक पानाच्या जोड्या जुळवाव्या लागतात. डॉक्युसॉरस (मदतपानांच्या साइट बनवायचं साधन) वापरत असाल तर बरंचसं ओझं तेच उचलतं.

खरा फरक पडतो तो शोधात. गूगलचा क्रॉलर (शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) सहसा भाषेची पसंती कळवत नाही, कुकीही जपून ठेवत नाही. म्हणजे एकाच यूआरएलवरचा मराठी मजकूर त्याच्या नजरेतून निसटू शकतो. वेगळ्या यूआरएलना एचरेफलँग (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे हे सांगणारी खूण) लावून एकमेकांशी जोडता येतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी पानाची लिंक पाठवली तर समोरही मराठीच उघडतं. कुकीवाल्या पद्धतीत ही खात्री नाही.

भाषांतर अर्धवट असेल तर दोन्हीकडे पंचाईत. अदलाबदलीत भाषांची खिचडी असलेलं पान, स्वतंत्र यूआरएलमध्ये पानच नाही. अशा वेळी वाचणाऱ्याला मुखपृष्ठावर फेकू नका, त्याच विषयाचं इंग्रजी पान दाखवा.

पर्याय कोणताही घ्या, लँग अ‍ॅट्रिब्यूट (पानाची भाषा सांगणारी कोडमधली खूण) बदलाच. नाहीतर स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी भलत्याच उच्चारात वाचेल. आणि भाषा दाखवायला देशांचे झेंडे नकोत. मराठीला कुठला लावणार?

सगळ्यांसाठी खुली मदतपानं असतील तर स्वतंत्र यूआरएलच. लॉगिननंतर दिसणाऱ्या चार-दोन सूचनांना अदलाबदल पुरते.