तंबू आणि फुगवायची कयाक : नागपूरहून केलेल्या भटकंतीनंतरचा आमचा अनुभव

दोघांपुरता घुमटाकार तंबू आणि दोघांची फुगवायची कयाक, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी, आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये घेतली. शनिवारी पहाटे नागपूर सोडायचं, रात्री तळ्याकाठी मुक्काम करायचा आणि रविवारी संध्याकाळी घरी परतायचं, एवढ्यासाठीच. पावसाळ्याची अखेर, अख्खा हिवाळा आणि मार्चचं ऊन दोन्हींनी सोसलं, म्हणून आता सविस्तर लिहिते. घ्यायच्या आधी मी वाचलेले बहुतेक अनुभव सह्याद्रीतले नाहीतर हिमालयातले होते. तिथे चिंता पावसाची आणि थंडीची. आपल्या विदर्भात सामानाचा कस लागतो तो ऊन, काटे आणि दुपारचं वारं यांच्यापुढे, आणि नेमकं त्याबद्दल डब्यावर काहीच लिहिलेलं नसतं.

पावसाचं आधी सांगून टाकते. तंबूच्या बाहेरच्या कापडावर २००० मिमी असा आकडा आहे. कापडावर दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा राहिला तरी पाणी झिरपणार नाही, असा त्याचा अर्थ. सप्टेंबरात चिखलदऱ्याला, सुमारे ११०० मीटर उंचीवर, रात्रभर पाऊस लागून होता. शिवणींवर आतून टेप आहे, त्यामुळे थेंबसुद्धा आत आला नाही. या बाबतीत पूर्ण समाधान.

आत पाणी साचलं ते कोरड्या हिवाळ्यात. डिसेंबरात रामटेकजवळच्या खिंडसी तलावाच्या काठावर आभाळ स्वच्छ असतं, जमिनीची ऊब रात्री भराभर निघून जाते आणि तंबूचं बाहेरचं कापड बाहेरच्या हवेपेक्षाही थंड पडतं. दोघांच्या श्वासातली वाफ त्याला आतून चिकटते. पहाटे हात लावला की पाणी ओघळतं आणि लोकांना वाटतं तंबू गळतोय. यावर उपाय आहे : वरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायच्या, दाराची चेन वरून वीतभर खाली घ्यायची आणि बाहेरचं कापड इतकं ताणायचं की ते आतल्या जाळीला कुठेही टेकणार नाही. थंडी थोडी जास्त लागते, पण पांघरूण कोरडं राहतं. म्हणून तंबू घेताना समोरासमोर दोन खिडक्या आहेत का आणि आतला वरचा अर्धा भाग जाळीचा आहे का, हे दुकानात उभा करून पाहा. एकच खिडकी असलेला स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

त्या जाळीचा आणखी एक फायदा आम्हाला पेंचजवळ कळला. पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार कृत्रिम उजेडापासून जपलेली जागा, ठरला. सिल्लारीच्या बाजूला एका खासगी कॅम्पवर आम्ही बाहेरचं कापड काढून नुसत्या जाळीखाली झोपलो. मृग आणि कृत्तिका इतक्या ठळक दिसत होत्या की नागपुरात आपण नेमकं काय गमावलंय ते जाणवलं. मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं की मात्र उठून कापड चढवावं लागतं. अंधारात दोघांनी मिळून केलं तर हे काम सहज होतं, कारण कापडाच्या कोपऱ्यांवर रंगीत पट्ट्या आहेत. तंबू बनवणाऱ्याने ही बारीकशी सोय केली, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

मार्चपासून सकाळी आठनंतर तंबूत थांबवत नाही. रात्री जागा निवडताना पूर्वेला झाड आहे का ते आधी पाहायचं. सावलीत कापडही जास्त टिकतं. आमच्या तंबूचा माथा एवढ्यातच फिकट झालाय.

सोबत आलेल्या खुंट्या अॅल्युमिनियमच्या, बारीक. रामटेककडच्या मुरमाड जमिनीत त्या वाकल्या. काळी माती वाळली की विटेसारखी होते, तिच्यातही त्या शिरेनात. लोहाराकडून सळईच्या वीतभर लांब खुंट्या करून घेतल्या, तेव्हापासून वाऱ्याची काळजी मिटली. वजन वाढलं. पण अंबाळ्याच्या तळ्यावरून पायऱ्यांनी गडमंदिरापर्यंत चढून जायचं असेल, तर तंबू आणि बाकीचं बिऱ्हाड आम्ही खालीच ठेवतो. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर हिंडायलाही पाठीवर पाणी, दशम्या आणि संत्री एवढंच बरं.

आता कयाक. मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते हिच्याबद्दल.

बाजूच्या नळ्यांसाठी सांगितलेला दाब दीड पीएसआय (दर चौरस इंचावर दीड पौंड) आहे. सकाळी १५ अंशांत हवा भरली आणि दुपारी जेवणासाठी कयाक काठावर उन्हात ठेवली, तर गडद कापडाखालची हवा ४५ अंशांपर्यंत सहज तापते. आता हिशेब करा. नळीतल्या हवेचा खरा दाब म्हणजे आपण भरलेला दीड अधिक वातावरणाचा १४.७. तापमान ३० अंशांनी वाढलं की या एकूण दाबात साधारण दहा टक्क्यांची भर पडते, म्हणजे दीड पीएसआयच्या वर. नळी ताणली गेली नाही असं धरलं, तर पंपाच्या काट्यावर दिसणारा दाब दुपटीच्या पुढे जातो. कापड थोडं ताणतं, त्यामुळे प्रत्यक्षात तो जरा कमी भरेल, पण शिवणींवर ताण येतोच. थंड देशांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत याबद्दल एकच ओळ आहे. आपल्याकडे हा रोजचा मामला. पाण्यातून बाहेर आलो की आम्ही आधी व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडतो आणि मगच डबा उघडतो. उलटही होतं. उन्हात भरलेली कयाक पाण्यात टाकली की हवा गार होऊन नळ्या मऊ पडतात. म्हणून दहा मिनिटं पाण्यात ठेवून पुन्हा चार पंप मारायचे. एवढं पाळलं, म्हणून आजवर एकही शिवण उसवलेली नाही.

दुसरं काट्यांचं. आपल्या तळ्यांच्या काठी बाभूळ आणि बोर असतेच. भंडारा-गोंदियाकडच्या कित्येक तळ्यांत शिंगाड्याची शेती असते आणि त्या फळाचे काटे तळाचं कापड सहज फोडतात. ढिवर लोकांच्या पोटापाण्याचं ते पीक, शिवाय त्यांची जाळीही तिथेच लावलेली. त्यामुळे वेलींचा पट्टा दिसला की लांबून वळसा घालायचा, त्यांच्यासाठीही आणि आपल्यासाठीही. काठावर हवा भरताना खाली जुनी सतरंजी अंथरावी. ठिगळ आणि गोंद सोबत येतो, त्याने भोक नीट बुजतं, पण गोंद पूर्ण सुकायला रात्र जाऊ द्यावी लागते. म्हणजे शनिवारी काटा लागला तर रविवारीच पुन्हा पाण्यात.

तिसरं वारं. खिंडसीला नाव चालवणाऱ्या एका काकांनी आम्हाला पहिल्याच वेळी बजावलं, "ताई, दुपारी वारं सुटते. दोन वाजाच्या आत काठावर या, नाहीतर वल्हवून वल्हवून थकून जासान." शब्द न् शब्द खरा. फुगवायची कयाक हलकी असते आणि पाण्यावर उंच बसते, वारं तिला कडेला ढकलतं. मागे तळाशी बसवायचा, माशाच्या परासारखा छोटा पंख लावला नाही तर ती जागच्या जागी गिरक्या घेते. पुढे बसलेल्याने लय धरायची आणि मागच्याने दिशा सांभाळायची. आम्ही मागे नवऱ्याला बसवतो, कारण त्याचं वजन जास्त आणि त्यामुळे नाक थोडं वर राहून ती सरळ जाते. लाइफ जॅकेट मात्र वेगळं आणि चांगलं घ्या. तळं कितीही शांत दिसलं तरी जॅकेटशिवाय पाण्यात जाऊ नका, याबाबतीत मला कुणाचंही दुसरं मत ऐकायचं नाही.

हिवाळ्यात पाण्यावर पट्टकादंब आणि मोठी लालसरी हे पाणपक्षी उतरलेले असतात. कयाकला आवाज नसतो, त्यामुळे आपण नकळत त्यांच्या फार जवळ जातो. थवा माना उंचावून एका दिशेने पोहायला लागला की वल्हं थांबवायचं.

परवानगीचं नीट समजून घ्या. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पर्यटकाला पायी भटकता येत नाही, स्वतःचा तंबू ठोकता येत नाही आणि स्वतःची कयाकही उतरवता येत नाही. तिथे सफारीच. बाहेरच्या तलावावरही संबंधित कार्यालयाला किंवा तिथल्या बोटवाल्यांना विचारूनच पाण्यात जावं.

घरी आल्यावरचं काम कुणी सांगत नाही. कयाकच्या तळाशी, नळी आणि फरशी जुळते त्या खाचेत पाणी अडकतं आणि ते पुसलं नाही तर आठवड्यात बुरशीचा वास येतो. तंबू ओला गुंडाळला तर आतला लेप पुढे चिकट होऊन सुटू लागतो. आमच्या गच्चीवर रविवारी रात्री दोन्ही पसरलेली असतात आणि सोमवारी ऊन चढायच्या आत आम्ही ती घडी करून पिशवीत भरतो.

तक्रार एकच. कयाकच्या व्हॉल्व्हचं एक झाकण हरवलं, ते सुटं मिळावं म्हणून विक्रेत्याला बऱ्याचदा लिहिलं, पण उत्तर आलं नाही. शेवटी सायकलच्या दुकानातल्या रबरी वायसरने काम भागवलं. घेतानाच दोन सुटी झाकणं मागून घ्या.

दोन्ही मिळून खर्च तीस हजारांच्या आत झाला. तंबू कुणालाही घ्या म्हणेन. कयाक घ्यायची असेल तर गच्ची किंवा मोठा व्हरांडा हवा, नाहीतर ती वाळवायची कुठे हा प्रश्न दर रविवारी येईल. आणि खरेदी पावसाळ्याच्या अखेरीस करा : तळी भरलेली असतात आणि पुढचा अख्खा हिवाळा हाताशी असतो.