सैल सांधे आणि घोट्याचं ऑपरेशन: ब्रॉस्ट्रॉम, वरून टेपचा आधार

ज्यांची बोटं, कोपरं, गुडघे लहानपणापासून नको तितके वळतात आणि ज्यांचा पाय सपाट रस्त्यावरही मुरगळतो, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझ्या उजव्या घोट्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी पुण्यात झालं. बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, शिवलं (ब्रॉस्ट्रॉम म्हणतात ते हेच) आणि त्यावर आतच धाग्याची टेप बसवली. आता पाय निसटत नाही. ऑपरेशनला पाचपैकी चार, नंतरच्या फिजिओथेरपीला पाचपैकी पाच.

मी साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहायचं, मुलांना मैदानावर न्यायचं, पावसाळ्यात चिखलातून वर्गात यायचं. घोटा सारखा दगा देत होता. आधी दाखवलं तिथे एमआरआय बघून ‘लिगामेंट फाटलंय, शिवून टाकू’ एवढंच सांगितलं. माझ्या हाताकडे कुणी बघितलंही नाही, याचा मला आजही राग येतो.

पुण्याच्या सर्जननी एमआरआय बाजूला ठेवून आधी माझी करंगळी मागे वाकवली. ती ९० अंशांच्या पलीकडे गेली. मग अंगठा मनगटाकडून हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलटे वाकतात का, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला पूर्ण टेकतात का, हे पाहिलं. याला बाइटन स्कोअर म्हणतात, एकूण गुण ९. मोठ्या माणसात ५ किंवा जास्त आले की सांधे सर्वसाधारणपणे सैल धरतात. माझे ७ आले. त्यानंतर मला पाठमोरी उभी करून टाच बघितली. टाच आतल्या बाजूला कललेली असेल तर नुसतं लिगामेंट शिवून भागत नाही, टाचेचं हाडही सरळ करावं लागतं, नाहीतर शिवण पुन्हा ताणली जाते. माझी टाच ठीक होती.

मग त्यांनी कागदावर घोटा काढून एकेक पर्याय समजावला. ब्रॉस्ट्रॉम या स्वीडिश सर्जनची पद्धत १९६६ सालची. ढिलं पडलेलं लिगामेंट आखडून पुन्हा हाडाला शिवायचं. १९८० मध्ये गूल्ड या सर्जननी त्यात भर घातली: शेजारचा जाड पडदा ओढून वर शिवायचा. बहुतेकांना एवढं पुरतं. पण आमच्यासारख्यांचं लिगामेंट ज्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं बनतं तेच ताणणारं असतं. जी वस्तू ताणली म्हणून ऑपरेशन करायचं, तीच आखडून परत वापरायची. म्हणून सैल सांध्यांत नुसत्या ब्रॉस्ट्रॉमनंतर घोटा पुन्हा ढिला पडण्याचा धोका जास्त.

दुसरा पर्याय, मांडीमागच्या स्नायूची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी, टेंडन) काढून नवं लिगामेंट करायचं. पण ती शीरही माझीच, त्याच कोलॅजनची. शिवाय माझा गुडघा उलटा वाकतो आणि त्याला आवरायला तेच स्नायू कामी येतात. ते कमी करणं मला पटलं नाही, डॉक्टरांनाही नाही. जुन्या पद्धतींमध्ये घोट्याच्या बाहेरचा पेरोनियस ब्रेव्हिस या स्नायूची अख्खी शीर किंवा तिचा भाग वापरत. घोटा मुरगळताना तोच स्नायू त्याला सावरतो, म्हणून त्यालाही नाहीच म्हटलं.

शेवटी ठरलं ते ब्रॉस्ट्रॉम आणि वर टेप. ही पॉलिथिलीनच्या मजबूत धाग्याची चपटी पट्टी असते. एक टोक बाहेरच्या घोट्याच्या हाडात, दुसरं खालच्या टॅलस हाडात, दोन्हीकडे अँकर, म्हणजे हाडात रुतवलेली छोटी खुंटी. ती विरघळत नाही. शिवलेलं लिगामेंट भरून येईपर्यंत आणि नंतरही ताण ती वाटून घेते. मात्र फार घट्ट बसली तर घोटा कायमचा जखडतो. म्हणून ती बसवताना खाली एक हत्यार सरकवून ठेवतात, जरा सैल राहावी म्हणून. हे मी आधी विचारून घेतलं होतं, तुम्हीही विचारा.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी आपण होऊन सांगितलं की दाताच्या वेळी सुन्न करायचं इंजेक्शन मला नीट लागलं नव्हतं. सैल सांध्यांच्या लोकांत हे होऊ शकतं. त्यांनी ते फाइलवर लिहिलं आणि तयारी त्याप्रमाणे केली. टाकेही नेहमीपेक्षा उशिरा काढले, कारण कातडी हळू भरते. व्रण रुंदच राहिलाय. एक तारा मी कापते तो पावलाच्या वरच्या भागातल्या बधिरपणासाठी. तिथून बारीक नस जाते, हा धोका संमतीपत्रावर होता, पण तोंडाने कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

फिजिओ ताईंबद्दल जितकं लिहावं तितकं थोडं. त्यांनी एकदाही ‘स्ट्रेच करा’ म्हटलं नाही. ताणायचं नाही, धरून ठेवायला शिकायचं. रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला सावकाश न्यायचं, तसंच सावकाश परत आणायचं. घाईने परत आलं की मोजणी पहिल्यापासून. मग भिंतीजवळ एका पायावर, डोळे उघडे, नंतर मिटून. मिटल्यावर पाऊल कसं थरथरतं ते बघूनच कळतं की लिगामेंट नुसतं बांधून काम होत नाही. कुल्ल्याचे स्नायूही त्यांनी तितकेच करून घेतले.

आधी काही महिने मनापासून व्यायाम करून बघा. त्यातच घोटा सावरला तर चाकू लागतच नाही. दुखणं हीच मुख्य तक्रार असेल आणि पाय निसटत नसेल, तर हे ऑपरेशन त्यासाठी नाही. माझा घोटा थंडीत अजून ठणकतो.

खर्चाचं: टेप आणि अँकरचं बिल ऑपरेशनपेक्षा वेगळं येतं. अंदाजपत्रकात ते वेगळं लिहून घ्या, मेडिक्लेमवाल्यांकडून आधी मंजूर करून घ्या, आणि डिस्चार्जच्या फाइलवर इम्प्लांटचे स्टिकर लावलेत ना ते घरी निघण्याआधी बघा. माझा क्लेम त्या स्टिकरांसाठीच अडला होता.